नाल्यातला पाइप आणि कुंटे सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सुधाकर कुंटे यांचं नाव सांगतो. आईवडिलांनी मला वाढवलं, शिकवलं, पोटाला चिमटा घेऊन पुण्याकडे धाडलं. पण त्याला उपकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याचं माझं काही नातं नव्हतं आणि ज्याला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं, अशा माणसाने मला उभं केलं, तो माणूस म्हणजे कुंटे सर. ते माझे शिक्षकही नव्हते. एका गोल्फ क्लबात ते नियमांचे पंच होते.

आमच्या औशात मी गोल्फ पाहिला होता तो फक्त टीव्हीचं चॅनेल बदलताना. वडील आडत दुकानात हमाली करायचे. घरात पहिला पदवीधर मी, बी.कॉम. चुलतभाऊ चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता, त्याच्या खोलीवर येऊन राहिलो. बऱ्याच गेटांवर अर्ज देऊन झाल्यावर एका क्लबात कारकुनाची जागा मिळाली. चाकणच्या पुढे एका मोठ्या कंपनीने फार वर्षांपूर्वी आपल्या साहेबांसाठी नऊ होलचं मैदान केलं होतं. चारी बाजूंनी कारखाने, मध्ये ही हिरवळ, आणि हिरवळीतून आडवा जाणारा एक नाला. ऑफिसात बसून खेळाडूंची कार्डं जमा करायची आणि गुण कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढं माझं काम.

पहिल्याच दिवशी टेबलाचा खण उघडेना. शिपाई म्हणाला, "तो उघडत नाही, वर्षानुवर्षं असाच आहे." मी सोडून दिलं. खिडकीपाशी एक उंच, काटकुळे गृहस्थ कापडी टोपी मांडीवर ठेवून डबा खात बसले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही हात लावून बघितलात का?"

आधी मला कळेना, ते कुणाशी बोलताहेत. तोवर वडिलांच्या वयाच्या कुठल्याही माणसाने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"नाही सर."

"मग बघा."

मी ओढला. नाही उघडला. पाय लावून ओढला, तरी नाही. मी ओशाळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. "ठीक. आता म्हणा, उघडत नाही." आणि पुन्हा भाजीकडे वळले.

हेच कुंटे सर. ते त्याच कंपनीतून मेंटेनन्सचे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. निगडीला प्राधिकरणात राहायचे आणि रोज जुन्या स्कूटरवर एवढ्या लांब यायचे. स्वतः फारसे खेळत नसत. खेळणाऱ्यांमध्ये वाद झाला की त्यांना बोलावणं यायचं. वरच्या खिशात नियमांचं छोटं पुस्तक असायचं, पण ते बाहेर काढलेलं मी क्वचित पाहिलं. नालेवाल्या होलवर सगळ्यात जास्त वाद व्हायचे, त्यामुळे नाला म्हटला की कुंटे सर, असं समीकरणच झालं होतं.

तो नियम मी त्यांच्याकडूनच शिकलो. चेंडूला किंवा खेळणाऱ्याला माणसाने केलेली एखादी वस्तू आड आली, तर पहिला प्रश्न असा की ती हलते का. बाटली, डबा, खुर्ची अशी सहज हलणारी असेल तर उचला आणि बाजूला ठेवा, दंड नाही. मैदानात कुठेही, अगदी पाण्याच्या हद्दीतसुद्धा. भिंत, पूल, गाडलेला पाइप अशी न हलणारी असेल, तर दुसरा प्रश्न : तुम्ही कुठे आहात? मैदानावर असाल तर चेंडू उचलून बाजूला टाकायची फुकट सवलत मिळते. पण नाल्याची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्यांच्या आत असाल, तर नाही. मग दोनच वाटा. आहे तिथून खेळा, नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन बाहेर या.

"असं का सर? पाण्यातच तर माणसाला जास्त गरज असते," मी एकदा विचारलं होतं.

"पाण्यात जायचं नव्हतं ना," ते म्हणाले. "सवलत म्हणजे दया नव्हे. दया करायची असेल तर खेळ संपल्यावर घरी बोलवून चहा पाजा."

मधे पुस्तकात अशा पाण्याच्या हद्दीचं 'वॉटर हॅझर्ड' हे नाव जाऊन 'पेनल्टी एरिया' आलं. सभासद नव्या नावावरून कुरकुरायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "नाव बदललंय, वास तोच आहे." आणि वास खरोखरच होता. वरच्या अंगाला एकेक हाउसिंग सोसायटी उभी राहत होती आणि प्रत्येकीचं काही ना काही आमच्या नाल्यात येऊन पडायचं. टायर, गाद्या, रंगाचे डबे. सर प्रत्येक वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरायचे, वस्तूला हात लावायचे, ढकलून बघायचे आणि मगच बोलायचे. काठावरून निकाल दिलेला त्यांना चालत नसे. एकदा एका कंपनीच्या बड्या साहेबाचा चेंडू चिखलात रुतलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली गेला. साहेब वरून ओरडत होता, ही पक्की रुतलीय, मला सवलत द्या. सर उतरले, खुर्ची उपटली, वर आणली, रुमालाने पुसली आणि तिच्यावर बसून म्हणाले, "हलली. खेळा." पुढे ती खुर्ची ऑफिसातच राहिली. सर डबा तिच्यावर बसूनच खायचे.

गणपतीनंतरची गोष्ट तर क्लबात सगळ्यांना पाठ होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नाल्यात एक प्लॅस्टरची मूर्ती अडकली होती आणि चेंडू नेमका तिच्या पायाशी. खेळाडूंच्या बॅगा वाहणारे कॅडी हात लावायला तयार नव्हते. खेळाडू घाबरून म्हणाला, मी दंड घेतो, राहू दे. सरांनी पुस्तकाला धरून सांगितलं, "मूर्ती माणसाने केलेली आहे. सहज हलते. म्हणजे हा हलणारा अडथळा."

बबन म्हणून एक कॅडी होता, तो म्हणाला, "काय बोलताय सर, विघ्नहर्त्यालाच अडथळा?"

"पुस्तकात अपवाद नाही हो, बबनराव."

मग सरांनी बूट काढले, मोजे काढले, हात जोडले आणि मूर्ती दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवली. खेळाडूने फटका मारला. सर मूर्तीजवळ उभेच होते. सगळे पुढे गेल्यावर त्यांनी ती स्कूटरवर पुढे पायाशी उभी केली आणि घाटावर नेऊन नीट पाण्यात सोडली. बबन मागे बसून गेला होता. तो सांगायचा, "वाटंनं एक शबुद बोलले न्हाईत. सोडल्यावर म्हणले, आता खेळ संपला."

आता बबनविषयी सांगायला हवं, कारण सरांची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. मैदानाच्या कडेच्या गावचाच तो. नाल्याला तो नाला म्हणायचा नाही, ओढा म्हणायचा. त्याच्या लहानपणी त्यात मासे धरायचे. खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता पंचेचाळिशीला आला होता. सोमवारी मैदान बंद असतं, त्या दिवशी कॅडींना खेळायला मुभा होती. बबन एका जुन्या काठीने असा खेळायचा की पैसे भरून शिकणारे सभासद चहा हातात धरून बघत राहायचे. पण नियम कच्चा. चेंडू नाल्यात गेला की हा सरळ हाताने उचलून बाहेर ठेवायचा. "वढा आमचा, नियम कुनाचा," म्हणायचा.

सरांनी त्याला धरलं. आणि त्याच्यामुळे मलाही धरलं. एके दिवशी इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "कॅडींसाठी हे मराठीत हवं. तुम्ही करा."

"सर, माझं इंग्रजी तसं नाही."

"हात लावून बघितलात का?"

वर्षभर मी ते करत होतो. रोज एक परिच्छेद. सर माझं मराठी वाचायचे आणि बबनला बोलावून त्यालाच ते मोठ्याने वाचायला लावायचे. बबनला कळलं तर बरोबर, नाही तर पुन्हा. 'अचल प्रतिबंध' असं मी एकदा लिहिलं होतं. बबन म्हणाला, "ह्यो कोन?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी लिहिलं, 'न हलणारा अडथळा'. ती पानं कॅडींच्या शेडमध्ये टांगली गेली. त्या वर्षाने मला काय दिलं ते तेव्हा कळलं नाही. आज मी हिंजवडीजवळ माणला एका कंपनीत आहे. यंत्र कसं चालवायचं, कुठे हात घालायचा नाही, हे साध्या भाषेत लिहिणं हेच माझं काम. मुलाखतीत मला विचारलं होतं, अवघड मजकूर सोपा करायला कुठे शिकलात. मी म्हणालो, कॅडींच्या शेडमध्ये. त्यांना वाटलं मी विनोद केला.

कधी रविवारी सर मला घरी बोलवायचे. काकू थालीपीठ करायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "यांच्या नादी जास्त लागू नका हो. घरात झुरळ निघालं तरी हे आधी विचारतात, ते हलतंय का." सर गंभीरपणे म्हणायचे, "हलत असेल तर प्रश्नच नाही." एकदा काकूंनी हळूच मला सांगितलं, कंपनीत एका अपघाताच्या चौकशीत सरांनी कागद वाचून मत दिलं होतं, जागेवर न जाता. त्या मतामुळे एका ऑपरेटरची नोकरी गेली. तेव्हापासून हे हात लावून बघणं सुरू झालं. सर स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मग क्लबात बॅटरीवरच्या गाड्या आल्या. बॅग गाडीत ठेवून साहेब स्वतःच फिरायला लागला. कॅडी एकेक करून कंपन्यांत कंत्राटी कामाला लागले. पंचेचाळिशीच्या बबनला कंपनीत कोण घेणार? त्याच सुमारास क्लबाने जाहीर केलं की कॅडींची स्पर्धा होईल, आणि जिंकणाऱ्याला सहायक प्रशिक्षकाची कायमची जागा मिळेल. जागा एकच. सर नेहमी जपून बोलणारे, पण त्या दिवशी मला म्हणाले, "ही बबनरावांची जागा आहे." लगेच त्यांनी जीभ चावली. म्हणाले, "हे मी बोलायला नको होतं. पंच मीच आहे."

स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या मैदानावरचेही कॅडी आले होते. शेवटच्या होलपर्यंत बबन दोन फटक्यांनी पुढे, म्हणजे त्याचे दोन फटके कमी. त्याच्या मागोमाग हिंजवडीकडच्या मैदानावरचा एक मुलगा होता, शांत आणि चांगला खेळणारा. शेवटच्या होलला नाला भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अलीकडे आडवा येतो. बबनचा दुसरा फटका थोडा आखूड पडला, काठावरून घरंगळला आणि खाली चिखलावर एका सिमेंटच्या पाइपाच्या तोंडापाशी थांबला. चेंडू स्वच्छ दिसत होता. आड होता तो फक्त पाइप. काठी मागे न्यायला जागा नव्हती.

मी कार्डं घेऊन काठावर होतो. कॅडींचा घोळका, सेक्रेटरी साहेब, सभासद, सगळे जमले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कुंटे आपल्या पठ्ठ्याला सोडवणार बघा." ते सरांना ऐकू गेलं. मला त्यांची मान दिसली. ताठ झाली.

त्या पाइपाला ते ओळखत होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी, कंपनीत असताना, त्यांच्याच देखरेखीखाली तो तिथे बसवला होता. दगडी बांधकामात, सिमेंट ओतून. नकाशाही त्यांचाच. त्या पाइपामुळे आजवर कितीतरी जणांना त्यांनी सवलत नाकारली होती.

बबनने खालून वर पाहिलं. "सर?"

सर काठावरूनच म्हणाले, "न हलणारा अडथळा. लाल खुंट्यांच्या आत. सवलत नाही."

ते खाली उतरले नाहीत.

बबनने मान डोलावली. दंड घेऊन चेंडू बाहेर टाकला असता तर बहुधा बरोबरी झाली असती. आहे तिथून साधलं असतं तर जिंकणं. त्याने आहे तिथून खेळायचं ठरवलं. एक पाय चिखलात, एक पाइपावर. क्षणभर त्याने पायाकडे पाहिलं, मग सरांकडे. सर कार्डावर काहीतरी लिहीत होते. बबनने काठी फिरवली. ती पाइपावर आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चेंडू हातभर उडून पाण्यात गेला. मग दंड, मग बाहेरून फटका. शेवटी बबन एका फटक्याने हरला.

बक्षीस समारंभ झाला. हिंजवडीकडच्या मुलाला नेमणुकीचं पत्र दिलं. बबनने त्याची पाठ थोपटली आणि शेडमध्ये जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तेव्हा स्कूटर आधीच उभी होती. थोड्या वेळाने सर आले. बूट, पँट, सगळं चिखलाने भरलेलं. नाल्यातून काढलेल्या त्या खुर्चीवर बसले. हात मांडीवर उताणे ठेवले होते. तळवे सिमेंटने खरचटलेले.

"हलतो," ते म्हणाले.

मला आधी काही कळेना. मग त्यांच्याबरोबर गेलो. वरच्या सोसायटीच्या ठेकेदाराने नवीन लाइन टाकताना जुना पाइप तोंडापाशी फोडला होता आणि तुटलेला तुकडा होता तिथेच टेकवून ठेवला होता. वरून बघितलं तर सगळं जसंच्या तसं. सरांनी एकट्याने तो ढकलून बाजूला केला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, एकट्याने.

त्यांनी बबनला बोलावलं. तो आला, पाइपाकडे पाहिलं आणि खाली बघत उभा राहिला.

"बबनराव, तुम्हाला काल कळलं होतं?"

बबन पायाने चिखल उकरू लागला.

"पाय ठेवलात तेव्हा?"

"डुगडुगला जरा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी न्हाई म्हनला हुता."

"अहो, हलत असेल तर उचला, असं पुस्तकात आहे. आपण मिळून वाचलंय ते. तुम्हाला मोठ्याने वाचायला लावलं होतं मी."

"व्हय सर. पर तुमच्याम्होरं पुस्तक काय काढायचं?" बबन म्हणाला. "समद्यांसमोर तुमाला खोटं पाडू व्हय मी?"

सर वळले. नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. बबनने वाकून त्यांच्या पँटवरचा चिखल झटकायचा प्रयत्न केला. त्यांनी त्याचा हात धरून बाजूला केला.

त्याच दुपारी ते कमिटीपुढे गेले. टिपण घ्यायला मी होतो. त्यांनी आधी स्वतःची चूक सांगितली. नियम सांगताना वापरायचे त्याच आवाजात. "वस्तू हलते की नाही हे मी तपासलं नाही. मी खाली उतरलो असतो तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसासाठी उतरला. ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून निकाल चुकीचा दिला."

सेक्रेटरी साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, "सर, आता तुम्हीच सांगा. निकाल बदलता येतो?"

खोलीत सगळे सरांकडे बघत होते. नियमांचं शेवटचं उत्तर नेहमी त्यांचंच असायचं. मला वाटत होतं, एकदा तरी हा माणूस नियम वाकवेल. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होतो.

"नाही," सर म्हणाले. "पंचाचा निकाल चुकीचा असला तरी स्पर्धा संपल्यावर तो कायम राहतो. शिवाय त्या मुलाने काही चूक केलेली नाही."

"मग आम्ही तरी काय करणार?"

"दुसरी एक जागा करा."

"जागा एकच मंजूर आहे, सर."

सरांनी खिशातलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि निघाले. ते पुन्हा पंच म्हणून मैदानावर आले नाहीत. मी पुस्तक द्यायला घरी गेलो तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं, "ठेवून घ्या तुम्ही. त्यांना दाखवू नका." आतून सरांनी विचारलं, "कोण आहे?" काकू म्हणाल्या, "पेपरवाला."

सरांनी बबनसाठी ओळखीच्या सगळ्या कंपन्यांत शब्द टाकला. कुठे वय आडवं आलं, कुठे शिक्षण. आपलं पेन्शन थोडं त्याला देऊ केलं, बबनने घेतलं नाही. अखेर बबन चऱ्होलीला एका नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. तिथे उभ्या राहिलेल्या इमारती बघून तो म्हणायचा, "ही समदी शेतं हुती. आता मी त्यांची राखन करतुय." दुसरं रडगाणं नाही. काठी मात्र त्याने कुणाला तरी देऊन टाकली.

मी माणच्या नोकरीत रुजू झालो. कॅबमधून हिंजवडीच्या गर्दीत तासन्‌तास अडकून बसताना मला सर आठवायचे. भेटायला जायचं असं दर आठवड्याला ठरवायचो.

मग एकदा चऱ्होलीत एका सहकाऱ्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. रिक्षातून उतरलो तर गेटवर बबन. त्याच्या केबिनशेजारी दोन खुर्च्या, आणि दुसऱ्या खुर्चीवर कुंटे सर. तीच कापडी टोपी. खूपच वाळले होते. त्यांनी मला ओळखलं, "कसं चाललंय? लिहिताय ना?" असं विचारलं. ते दर गुरुवारी येतात, स्कूटर सोडली, दोन बस बदलून येतात, हे मला बबनने सांगितलं.

तेवढ्यात एक मोटार आली. बबन उठला, दांडा वर केला, सलाम केला. त्याच्याबरोबर सरही उठले आणि हात बाजूला सोडून उभे राहिले. मोटार गेली. बबन बसला, मग सर बसले. पुन्हा मोटार. पुन्हा दोघे उठले.

"सर, तुमी बसा की," बबन म्हणाला. हे तो दर वेळी म्हणत असावा.

"तुम्ही उभे आहात," सर म्हणाले.

संध्याकाळची वेळ. लोक कामावरून परतत होते. मोटारी एकामागून एक येत होत्या. मी गेटाच्या आत गेलो, जेवलो, आलो. अजून ते तसेच उठत होते, बसत होते. मी नमस्कार केला तेव्हा सर उभेच होते आणि समोर पुढची मोटार आली होती, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

पुढे ते घरात पडले. मुलगी त्यांना आणि काकूंना बेंगळूरुला घेऊन गेली. फोनवर बोलणं त्यांना जमत नाही, पण कुणी वाचून दाखवलं की ऐकतात, असं काकूंनी कळवलं. म्हणून मी पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पत्र असं होतं :

*आदरणीय सर,*

*सा. न.*

*काकूंनी पत्ता दिला. हे पत्र त्या तुम्हाला वाचून दाखवतील.*

*क्लबाची जागा विकली गेली. तिथे आता टॉवर उभे राहणार आहेत. नाल्यावर स्लॅब टाकून तो झाकायचं काम चालू आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. तुम्ही बसवलेलं दगडी बांधकाम अजून पक्कं होतं. तेवढं फोडायला त्यांना मशीन आणावं लागलं.*

*शेडमधली मराठी पानं मला मिळाली. ओल लागून अक्षरं पसरलीत, पण वाचता येतात. मी ती माझ्याकडे ठेवली आहेत. सर, मी आज जे लिहितो ते त्या पानांवर शिकलो. हे तुम्हाला समोर कधी म्हणालो नाही. गेल्या महिन्यात एका यंत्राची माहिती लिहायची होती. वरिष्ठ म्हणाले, जुन्या कागदांवरून उतरवून काढ. मी कारखान्यात गेलो, यंत्र बंद करून घेतलं आणि हात लावून बघितलं. कागदात एक गोष्ट चुकीची होती. एवढंच कळवायचं होतं.*

*काल चऱ्होलीला जाऊन आलो. बबनभाऊ बरे आहेत. गुडघे धरलेत, तरी ड्यूटी करतात. दुसरी खुर्ची अजून तिथेच आहे. त्यांनी तुम्हाला एक निरोप सांगितला आहे. मी म्हणालो, असं कसं लिहू? ते म्हणाले, मी सांगतो तसं लिही. तुम्ही तो पाइप हलवल्यावर जो चिखल तुमच्या अंगाला लागला होता, तो त्यांनी पाहिला आहे. तुम्हाला काय ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी सांगितलं, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो :*

*"सरांना म्हनावं, पाइप लई जड हुता. माझ्यानं हलला नसता."*

*आपला नम्र,*
*मारुती*